अठरा अंशांचे प्रमाणपत्र, अठ्ठेचाळीस अंशांचे ऊन

‘बुलेटप्रूफ’ हा शब्द आपण किती सहजपणे उच्चारतो! पुढाऱ्याची मोटार बुलेटप्रूफ, बँकेची खिडकी बुलेटप्रूफ, पोलिसाचे जाकीट बुलेटप्रूफ. शब्द उच्चारला की आपले समाधान होते. पुढे काही विचारण्याची गरज वाटत नाही. वस्तुतः हा शब्द अपुरा आहे. कोणत्या बंदुकीची गोळी? किती अंतरावरून झाडलेली? एक की तीन? आणि ती काच त्या वेळी किती जुनी होती, किती तापली होती? नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी जी काच सहज अडवते, तिच्यातून रायफलीची गोळी आरपार जाऊ शकते. बाजारात मात्र दोन्ही काचांचे नाव एकच. म्हणूनच या विषयातील जाणकार ‘गोळीरोधक’ असे म्हणतात आणि त्यापुढे लगेच पातळी सांगतात. पातळी न सांगता ‘बुलेटप्रूफ’ म्हणणे म्हणजे रक्तगट न विचारता रक्त चढविण्यासारखे आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक असता, तर त्यासाठी या स्तंभातील जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्याच राज्यातील दोन वनजिल्ह्यांत तो जीवनमरणाचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा गेली चार दशके नक्षलवादी हिंसाचाराचे घाव सोसत आला. एकट्या २००९ या वर्षात मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरी येथे १७ पोलिसांना वीरमरण आले. हत्तीगोट्याच्या हुतात्म्यांत पाच महिला पोलीस होत्या. २०१२ मध्ये पुस्टोला येथे सुरुंगस्फोटाने केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस उडवली गेली आणि १२ जवान गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ खासगी वाहनातून निघालेले १५ पोलीस आणि त्या वाहनाचा चालक सुरुंगाने टिपले गेले.

यांतील कित्येकांना जगातील कोणतीही काच वाचवू शकली नसती, हे प्रथमच प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. भूसुरुंगाला काच हे उत्तर नाही. तेथे वाहनाचा तळ, त्याचा आकार आणि प्रवासाची शिस्त महत्त्वाची. जंगलात पायी गस्त घालणाऱ्याला तर काचेचा आडोसाच नसतो. परंतु वाहनावर गोळीबार होतो तेव्हा, मदत केंद्रावर रात्री हल्ला होतो तेव्हा, आणि स्फोटाच्या धक्क्याने तावदाने फुटून किरचा अंगात घुसतात तेव्हा, एका काचेवर माणसाचा जीव अवलंबून असतो. आणि त्या काचेच्या भरवशाचा आधार म्हणजे एक कागद असतो : चाचणीचे प्रमाणपत्र. तो कागद नेमके काय सांगतो, आणि काय सांगत नाही, हे आपण पाहू.

काच गोळी कशी अडवते?

१९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. पात्रात पूर्वी ठेवलेल्या द्रवाचा चिकट पापुद्रा आतून सुकून बसला होता आणि त्याने किरचा धरून ठेवल्या होत्या. १९०९ मध्ये त्याने थरांच्या काचेचे पेटंट घेतले. आजची गोळीरोधक काच याच कल्पनेचा विस्तार आहे.

तिच्यात काचेचे अनेक थर असतात, थरांमध्ये लवचीक प्लास्टिकचा चिकट पडदा असतो आणि आतल्या बाजूला बहुधा पॉलिकार्बोनेटचा पत्रा असतो. बाहेरची कठीण काच स्वतः फुटते आणि फुटताना गोळीचे टोक बोथट करते. मधले पडदे तिचा वेग खातात. सर्वांत आतला पॉलिकार्बोनेट वाकतो, ताणला जातो आणि उरलेला आघात व काचेची भुकटी झेलतो. काच हरते आणि माणूस जिंकतो, असे हे गणित आहे.

मात्र या गणितात वजनाची किंमत मोजावी लागते. एक चौरस मीटर काचेचे वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. रायफलीची गोळी अडविण्यासाठी सुमारे ४० मिलिमीटर जाडी धरली, तर एका चौरस मीटरला शंभर किलो झाले. त्याने वाहनाची दारे झुकतात, कमानी दबतात, ब्रेक थकतात. त्यामुळे जाडी कमी करण्याचा मोह निर्मात्यालाही असतो आणि खरेदीदारालाही. या मोहाला वेसण घालणारी एकच गोष्ट म्हणजे चाचणी.

प्रमाणपत्रावर काय लिहिलेले असते?

काचेच्या निविदांत बहुधा युरोपातील ‘ईएन १०६३’ या मानकाचा किंवा अमेरिकेतील ‘यूएल ७५२’ या मानकाचा उल्लेख आढळतो. युरोपीय मानकाची पद्धत अशी : अर्धा मीटर लांब आणि तितक्याच रुंद काचेचा नमुना चौकटीत घट्ट बसवायचा. पिस्तुलासाठी पाच मीटर आणि रायफलीसाठी दहा मीटर अंतरावरून त्याच्यावर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही गोळ्या एकमेकींपासून १२० मिलिमीटर अंतरावर, त्रिकोणात बसल्या पाहिजेत. नमुन्यामागे अर्ध्या मीटरवर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ वर्ख ताणून लावलेला असतो. गोळी आरपार गेली तर काच नापास. गोळी अडली, पण किरचांनी वर्खाला भोके पडली, तर काच उत्तीर्ण होते. मात्र तिच्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर लागते. वर्ख शाबूत राहिला, तर ‘एनएस’.

हा दोन अक्षरांचा फरक खरेदीच्या कागदपत्रांत सहज नजरेआड होतो. परंतु त्या वर्खाच्या जागी चालकाचे डोळे असतात, हे ध्यानात घेतले की त्याचे गांभीर्य समजते. ‘एस’ काचेमागील माणूस गोळीने मरणार नाही. आंधळा मात्र होऊ शकतो. आणि आंधळा झालेला चालक घातपाताच्या जागेतून वाहन बाहेर काढू शकत नाही.

या मानकात ‘बीआर-१’ ते ‘बीआर-७’ अशा पातळ्या आहेत. पहिल्या चार पातळ्या छोट्या शस्त्रांच्या गोळ्यांसाठी आहेत. पाचवी पातळी ५.५६ मिलिमीटरच्या पोलादी टोकाच्या गोळीसाठी, सहावी ७.६२ × ५१ च्या मऊ गाभ्याच्या गोळीसाठी, तर सातवी त्याच मापाच्या चिलखतभेदी गोळीसाठी आहे. आता गडचिरोलीच्या जंगलातील शस्त्रे आठवा. पोलिसांकडून लुटलेल्या इन्सास, म्हणजे ५.५६. लुटलेल्या एसएलआर, म्हणजे ७.६२ × ५१. जुन्या .३०३ रायफली. गावठी भरमार बंदुका. आणि एके-४७, म्हणजे ७.६२ × ३९.

ही शेवटची गोळी त्या युरोपीय तक्त्यात नाहीच! ज्या शस्त्राने गेल्या अर्धशतकात जगभर सर्वाधिक दहशत पसरवली, त्याच्या गोळीचा रकाना या तक्त्यात नाही. एके-४७ ची गोळी सुमारे आठ ग्रॅम वजनाची असून सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. तिची ऊर्जा पिस्तुलाच्या गोळीच्या तिप्पट भरते. सहाव्या पातळीची काच ती गोळी बहुधा अडवील, असे अनुमान काढता येते, कारण त्या पातळीची गोळी अधिक जोरकस असते. परंतु गोळ्यांत पोलादी गाभ्याचे प्रकार अनेक. ‘बहुधा’ हा शब्द प्रमाणपत्रात चालत नाही. युरोपातीलच चाचणी संस्थांच्या ‘व्हीपीएएम’ या संघटनेच्या निकषांत एके-४७ साठी स्वतंत्र पातळी आहे. वाहनांसाठी नाटो राष्ट्रांच्या ‘स्टानाग ४५६९’ या मानकातही त्या गोळीचा विचार केलेला आहे. म्हणजे निकष उपलब्ध आहेत. निविदेत ते नावानिशी लिहिले पाहिजेत, एवढेच. परक्या देशाने त्याच्या शत्रूचा विचार करून केलेला तक्ता आपण डोळे मिटून का उचलावा? आपल्या शत्रूच्या हातात कोणते शस्त्र आहे, हे आपल्याच पोलिसांच्या पंचनाम्यांत वर्षानुवर्षे नोंदलेले आहे.

नवतप्यातील काच

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ‘ईएन १०६३’ ची चाचणी कोणत्या तापमानाला होते? १८ अंश सेल्सियस. त्यात पाच अंशांची कमी-अधिक मुभा. म्हणजे फार तर २३ अंश. युरोपातील प्रयोगशाळेला ते साहजिकच आहे. चंद्रपुरात मात्र एवढा थंडावा पौष-माघातील पहाटेच लाभतो.

नवतपा म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरील वाचकांना कदाचित सांगावे लागेल. मे महिन्याच्या अखेरचे ते नऊ दिवस. चंद्रपूरचे नाव त्या दिवसांत देशातीलच नव्हे, तर जगातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत झळकते. २०१९ च्या मेअखेरीस येथील पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. हे तापमान सावलीतले. अहेरी-आलापल्लीच्या रस्त्यावर भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनाची काच त्याहून कितीतरी अधिक तापते.

तापल्यावर काय होते? काच आणि पॉलिकार्बोनेट यांचे प्रसरण सारखे नसते. पॉलिकार्बोनेट काचेच्या सुमारे सातपट पसरतो. तापमान ३० अंशांनी वाढले, तर एक मीटर लांबीचा पॉलिकार्बोनेट सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. काच पाव मिलिमीटरच्या आसपास. एकमेकांना चिकटलेल्या दोन थरांमध्ये रोज दुपारी ही ओढाताण होते आणि रोज रात्री उलट दिशेने होते. मधल्या चिकट पडद्याला हा ताण वर्षानुवर्षे सोसावा लागतो. पुढे जून उजाडतो आणि गडचिरोलीचा धुवाधार पाऊस काचेच्या कडांतून ओल आत शिरवू पाहतो. याचा परिणाम ज्यांनी जुनी गोळीरोधक काच पाहिली आहे, त्यांच्या परिचयाचा असेल : प्रथम कडेला पांढुरका पट्टा, मग बुडबुडे, मग पिवळेपणा. थर सुटू लागल्याची ही खूण आहे. त्या भागातून नीट दिसत नाही, हा पहिला तोटा. दुसरा तोटा अधिक गंभीर. ज्या एकसंध काचेची चाचणी झाली होती, ती काच आता उरलेलीच नसते. प्रमाणपत्र मात्र फाईलमध्ये तसेच कोरे करकरीत राहते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत गोळीरोधक जाकिटांच्या बाबतीत ती खरी ठरली. ‘झायलॉन’ नावाचा एक अत्यंत बळकट कृत्रिम धागा त्या जाकिटांत वापरला जात असे. नवे जाकीट चाचणीत उत्तम उतरत होते. २००३ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॉरेस्ट हिल्स येथे एका पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावरील असे जाकीट भेदून गोळी आत गेली. चौकशीत दिसून आले, की उष्णता, ओलावा आणि प्रकाश यांमुळे या धाग्याचे बळ कमी होत जाते. २००५ मध्ये तेथील राष्ट्रीय न्याय संस्थेने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. एवढ्यावर ती थांबली नाही. २००८ च्या सुधारित मानकात तिने अशी अट घातली, की मऊ चिलखताचे नमुने दहा दिवस ६५ अंशांच्या उष्ण, दमट हवेत यंत्रात घोळवावेत आणि मगच त्यांच्यावर गोळी झाडावी. एका जाकिटातून गोळी गेली, तर त्या देशाने चाचणीची पद्धतच बदलली. आपण काय केले?

आपल्या घरातील धडे

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हुतात्मे झाले. त्यानंतर जाकिटांच्या दर्जाविषयी देशभर प्रश्न उठले. त्यांची उत्तरे देऊ शकेल असा एक मूक साक्षीदार होता : करकरे यांच्या अंगावरील जाकीट. तेच रुग्णालयातून नाहीसे झाले. जाकिटांच्या खरेदीची फाईलही काही काळ सापडेना. यात कोणाचा दोष किती, हा वाद येथे उकरून काढावयाचा नाही. मुद्दा एवढाच, की ज्या वस्तूची परीक्षा प्रत्यक्ष रणांगणावर झाली, ती वस्तू जपून ठेवून तिच्यापासून शिकण्याची शिस्त आपल्याकडे नव्हती.

दुसरा धडा मात्र आशादायक आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र पोलिसांना नव्या जाकिटांचा पुरवठा झाला. सुमारे ४,६०० जाकिटे आली. ती चंदीगडच्या प्रयोगशाळेतील चाचणीला पाठविण्यात आली आणि चौदाशेहून अधिक जाकिटे एके-४७ च्या गोळीपुढे न टिकल्याने पुरवठादाराकडे परत गेली. वृत्तपत्रांनी ही बातमी घोटाळ्याच्या सुरात छापली. वास्तविक ती अभिनंदनाची बातमी होती. चाचणी झाली नसती, तर तीच जाकिटे कोणा ना कोणा जवानाच्या अंगावर चढली असती. त्यातील उणीव एखाद्या दुपारी जंगलात कळली असती आणि ती सांगायला तो जवान उरला नसता. चाचणी म्हणजे पुरवठादारावरचा अविश्वास नव्हे. जवानाला दिलेले ते वचन आहे.

२०१८ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने जाकिटांसाठी ‘आयएस १७०५१’ हे स्वतंत्र भारतीय मानक प्रसिद्ध केले. आपल्याकडील धोके लक्षात घेऊन आपल्याच देशाने केलेली ही पातळ्यांची मांडणी आहे. हे स्वत्वाचे पाऊल स्वागतार्हच होते. जाकिटाच्या बाबतीत जे झाले, तेच वाहनांच्या आणि चौक्यांच्या काचेच्या बाबतीत आपल्या उन्हापावसाचा हिशेब धरून झाले पाहिजे.

फिल्म म्हणजे चिलखत नव्हे

आता एक गोष्ट सर्वसामान्य कुटुंबांसाठी. अलीकडे ‘सिक्युरिटी फिल्म’ नावाचा पारदर्शक पापुद्रा खिडक्यांवर चिकटविण्याची पद्धत वाढली आहे. सराफी पेढ्या, पतसंस्था, शाळा, घरांच्या गॅलऱ्या, सर्वत्र ती दिसते. पॉलिएस्टरचा हा पापुद्रा शंभर ते तीनशे मायक्रॉन जाडीचा, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून कमी असतो. काही विक्रेते तो ‘बुलेटप्रूफ फिल्म’ म्हणून खपवतात. ही शुद्ध दिशाभूल आहे. साध्या काचेवर लावलेली अशी फिल्म रायफलीची सोडाच, पिस्तुलाचीही गोळी अडवत नाही.

मग ती निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिचे काम वेगळे आहे. काच फुटल्यावर किरचा धरून ठेवणे, हे तिचे काम. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेला भीषण स्फोट आठवा. कारखान्यापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या घरांतील तावदाने फुटली आणि कित्येक माणसे काचेच्या किरचांनी जखमी झाली. स्फोटाच्या जागेपासून दूर असलेल्याला आगीने इजा होत नाही, त्याला त्याची स्वतःची खिडकी जखमी करते. भद्रावतीला चांदा आयुध निर्माणी आहे. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात उघड्या खाणींतील सुरुंगांचे धक्के लोकांच्या नित्य परिचयाचे आहेत. अशा ठिकाणच्या शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर योग्य फिल्म असणे ही चैन नव्हे.

परंतु तिलाही चाचणी आहे. ‘ईएन ३५६’ या मानकात चार किलोहून थोडा अधिक वजनाचा पोलादी गोळा दीड मीटरपासून नऊ मीटरपर्यंतच्या उंचीवरून पुनःपुन्हा काचेवर टाकला जातो. वरच्या पातळ्यांसाठी कुऱ्हाडीचे घाव मोजले जातात. स्फोटाच्या दाबासाठी निराळी चाचणी आहे. ग्राहकाने विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत. पहिला : ही फिल्म कोणत्या चाचणीत, कोणत्या काचेवर लावून उत्तीर्ण झाली? कारण एकट्या फिल्मला पातळी नसते. पातळी काच आणि फिल्म यांच्या जोडीला मिळते. दुसरा : तिच्या कडा खिडकीच्या चौकटीला बांधणार की नुसत्या काचेवर चिकटविणार? चौकटीला न बांधलेली फिल्म स्फोटात किरचा धरून ठेवते खरी, पण अख्खे तावदानच चादरीसारखे उडून खोलीत येऊ शकते. या दोन प्रश्नांवर जो विक्रेता गडबडेल, त्याच्याकडून फिल्म घेऊ नये.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर तीन आक्षेप येतील. पहिला असा, की आता हा प्रश्नच उरलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव या बड्या माओवादी नेत्याने आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. त्या शस्त्रांत एके-४७ आणि इन्सास रायफली होत्या. पोलीस दलाच्या, विशेषतः १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या सी-६० पथकाच्या, तीन दशकांहून अधिक काळच्या तपश्चर्येचे हे फळ आहे. त्याचा आनंद आपणा सर्वांनाच आहे. परंतु साहित्याची हेळसांड होते ती नेमकी अशा शांततेच्या काळात. घाईच्या वर्षांत घेतलेली वाहने आणि मोर्चे आता जुने होत जातील, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातील, आणि त्यांच्याबरोबर जुनी प्रमाणपत्रेही जातील. २०२३ ते २०२५ या काळात वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे अशा अतिदुर्गम गावांत नवी पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. गोळीरोधक मोर्चे हे अशा केंद्रांचे अंग असते. ती केंद्रे तेथे दीर्घकाळ राहणार आहेत. बैल गेल्यावर झोपा करण्याची सवय आपण केव्हा सोडणार?

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. तो रास्त आहे. कोणत्या केंद्रावर कोणत्या पातळीची काच आहे, हे चव्हाट्यावर मांडण्याची मागणी कोणीही सुबुद्ध नागरिक करणार नाही. मात्र चाचणीची पद्धत, तिची वारंवारता आणि ती पार पडली की नाही, एवढे सांगितल्याने शत्रूच्या हाती काही लागत नाही. गोपनीयतेचा पडदा जवानाच्या रक्षणासाठी असावा. निष्काळजीपणा झाकण्यासाठी नसावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. गोळी झाडलेली काच निकामी होते, म्हणजे प्रत्येक चाचणीत एक महागडी काच वाया जाते, असे हिशेबनीस म्हणतील. ती वाया जात नाही. ती काच आपल्या मागे उरलेल्या शंभर काचांची साक्ष देऊन जाते.

काय करता येईल?

अपेक्षा अवास्तव नाहीत. प्रत्येक निविदेत ‘बुलेटप्रूफ’ या मोघम शब्दाऐवजी गोळीचा प्रकार, गाभा, वेग, अंतर, गोळ्यांची संख्या आणि आतील बाजूस किरचा उडाल्या तर चालतील की नाही, हे स्पष्ट लिहावे. निर्मात्याने कधीकाळी परदेशात मिळविलेल्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता, पुरवठ्याच्या प्रत्येक लॉटमधून खरेदीदाराने स्वतः निवडलेल्या नमुन्यांवर गोळी झाडावी. हे नमुने आधी ऊन, ओल आणि थंडी यांच्या आवर्तनांतून काढावेत आणि काही नमुने तापलेल्या अवस्थेतच तपासावेत. अमेरिकी मानकातही बाहेर वापरावयाच्या काचेसाठी अति उष्ण आणि अति थंड अवस्थेतील चाचणीची तरतूद आहे. ती आपल्यालाच अशक्य का असावी?

प्रत्येक काचेवर निर्मितीचा महिना, लॉट क्रमांक आणि पातळी न पुसता येईल अशी कोरलेली असावी. काचेला वयाची मर्यादा असावी. वर्षातून दोनदा, नवतप्यानंतर आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येक केंद्रावर तिची पाहणी व्हावी आणि कडेला बुडबुडे दिसलेली काच बदलावी. बदललेली काच भंगारात न फेकता तिच्यावर गोळी झाडून पाहावी. पाच-सात उन्हाळे सोसलेली गडचिरोलीची काच किती टिकते, हे सांगणारे याहून खरे प्रयोगसाहित्य कोठे मिळणार? आणि आतील पॉलिकार्बोनेट पेट्रोल, थिनर किंवा खरखरीत फडक्याने पुसू नये, ही साधी सूचना प्रत्येक वाहनचालकापर्यंत लेखी पोहोचावी. चांगल्या हेतूने केलेल्या सफाईनेही हा थर तडकू शकतो.

शेवटची अपेक्षा विदर्भाची आहे. चंदीगडची प्रयोगशाळा उत्तम आहे, पण ती दूर आहे. नागपुरात स्फोटकविषयक केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आहे. भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. एवढी सामग्री आणि जाणकार मनुष्यबळ हाताशी असताना, चंद्रपूर-नागपूर परिसरात काचेच्या व चिलखताच्या चाचणीची मान्यताप्राप्त चांदमारी उभी करणे अवघड नाही. जेथे ऊन ४८ अंशांचे, तेथेच काचेची परीक्षा. निसर्गाने विदर्भाला जे फुकट दिले आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करून घेऊ या.

सी-६० मध्ये भरती होणारे बहुसंख्य तरुण याच मातीतील आहेत. कित्येक जण माडिया आणि गोंड वनवासी कुटुंबांतील. त्यांना जंगलाची प्रत्येक पायवाट ठाऊक असते. वाहनात बसल्यावर समोरची काच किती गोळ्या झेलील, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. ते आपल्यावर, म्हणजे खरेदी करणाऱ्या, चाचणी करणाऱ्या आणि कर भरणाऱ्या समाजावर, विश्वास ठेवून त्या काचेमागे बसतात. पुढच्या मे महिन्यात, एखाद्या रणरणत्या दुपारी, भामरागडच्या रस्त्यावर तो विश्वास कसाला लागू शकतो. त्याआधी ती काच कसाला लागलेली असली पाहिजे.